ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकांमधला मनातून न जाणारा एकच भाग : कोणता आणि का?

अर्धविराम (धागाकर्ता)

मालिका आवडणे वेगळे आणि मालिकेतला एखादा भाग आवडणे वेगळे, असे मला बऱ्याच दिवसांपासून वाटत आले आहे. 'तुमची आवडती मालिका कोणती' या प्रश्नावर आपण सगळे पानेच्या पाने लिहितो, पण त्या मालिकेतला एक भाग निवडून तो का लक्षात राहिला हे सांगायची वेळ आली की बहुतेकांची गाडी 'शेवट फार भारी आहे' याच्या पुढे सरकत नाही. म्हणून हा धागा. प्रत्येकाने शक्यतो एकाच भागाविषयी लिहावे, त्याचा क्रमांक द्यावा आणि पडद्यावर नेमके काय घडते, ते कसे दाखवले आहे, यावर बोट ठेवावे. कथानक उघड होणे अटळ आहे, तेव्हा ज्यांना रसभंगाची भीती वाटते त्यांनी इथूनच परत फिरावे.

सुरुवात माझ्यापासून करतो. 'काउबॉय बीबॉप' ही शिनिचिरो वातानाबे यांची १९९८ सालची २६ भागांची मालिका आहे; स्पाइक, जेट आणि फे हे एका अंतराळजहाजावर राहून इनामासाठी गुन्हेगार पकडणारे तिघे तिच्या केंद्रस्थानी आहेत. तिच्याविषयी बोलताना लोक पाचव्या भागातले चर्च, रंगीत काचेची फुटणारी खिडकी आणि तिच्यातून खाली कोसळणारा स्पाइक यांची आठवण काढतात. ते दृश्य देखणे आहे यात वाद नाही. माझी निवड मात्र अठराव्या भागाची आहे आणि त्या भागात जवळजवळ काहीच घडत नाही.

फेच्या नावाने जहाजावर एक पार्सल येते. कर्जवसुलीचेच काहीतरी असणार अशा समजुतीने ती पळ काढते. पार्सलात बीटामॅक्स या जुन्या प्रकारची व्हिडिओ टेप निघते आणि ती चालवणारे यंत्र आता कुठेच मिळत नसल्यामुळे स्पाइक आणि जेट ते शोधायला निघतात. अर्ध्याहून अधिक भाग या खटाटोपातच जातो. पृथ्वीवरच्या एका पडक्या, जमिनीखाली गेलेल्या इमारतीत उतरून, घामाघूम होऊन ते यंत्र उचलून आणतात आणि जहाजावर आल्यावर कळते की ते व्हीएचएस या दुसऱ्या प्रकारच्या टेपचे आहे, त्यात ही टेप बसतच नाही. इथवर तो भाग निव्वळ विनोदी आहे. मग दुसरे पार्सल येते, त्यात योग्य यंत्र असते आणि टेप चालू होते.

टेपमध्ये शाळकरी वयाची फे आहे. मोठेपणीच्या स्वतःसाठी तिने हा निरोप ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवलेला आहे, आणि शेवटी ती हातपाय हलवत, ओरडून ओरडून त्या मोठ्या फेला धीर देते. समोर बसलेल्या फेला मात्र अपघातानंतर अनेक दशके गोठवून ठेवलेले होते. तिला स्वतःचे बालपण, घर, आईवडील यातले काहीच आठवत नाही. टेप संपते. फे म्हणते की मला आठवत नाही. भाग संपतो.

कोणी तिच्या खांद्यावर हात ठेवत नाही, कोणी समजावत नाही, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी काढून आपल्याला रडायची परवानगीही दिली जात नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की जो भाग आपल्या अपेक्षेच्या एक पाऊल आधी थांबतो तोच मनात राहतो, कारण उरलेले पाऊल प्रेक्षकाला स्वतः टाकावे लागते. शिवाय हा भाग एकटा उभा राहू शकतो. फेविषयी वर दिलेली दोन वाक्ये माहीत असतील तर बाकीचे २५ भाग न पाहिलेल्या माणसालाही तो कळेल. चांगल्या भागाची ही कसोटी असावी असे मी म्हणतो. असहमती असेल तर स्वागत आहे.


काजवा

धागा उत्तम आहे. 'एकटा उभा राहणारा भाग' ही कसोटी मला पूर्ण मान्य आहे आणि माझे उदाहरण तिच्यात चपखल बसते. 'नात्सुमेचे मित्रपुस्तक' या २००८ साली सुरू झालेल्या मालिकेचा दुसरा भाग.

नात्सुमेला योकाई, म्हणजे इतरांना न दिसणारी अमानवी मंडळी दिसतात. त्याच्या आजीने पराभूत केलेल्या अनेक योकाईंची नावे तिच्या वहीत अडकून पडलेली आहेत आणि तो ती एकेक करून परत देतो. या भागात त्याच्याकडे त्सुयुकामी नावाचा एक देव येतो. तो तळहातावर मावेल एवढा आहे, कारण देवाचा आकार त्याच्यावर श्रद्धा ठेवणाऱ्यांच्या संख्येवर ठरतो आणि आता त्याच्या छोट्याशा देवळीपाशी हाना नावाची एकच म्हातारी येते. पुढे काय होणार हे पाचव्या मिनिटाला समजते. लेखकाने ते लपवण्याचा प्रयत्नही केलेला नाही. म्हातारी जाते आणि तिच्याबरोबर देवही विरून जातो.

तरीही तो भाग मी किती वेळा पाहिला असेन याची गणती नाही, आणि त्याचे कारण मधला एक छोटा संवाद आहे. नात्सुमे कळवळून म्हणतो की मी तुमची पूजा करीन, म्हणजे तुम्ही नाहीसे होणार नाही. देव ते नाकारतो. तू माझा मित्र आहेस, असे तो म्हणतो. मित्र आणि भक्त एकच असू शकत नाहीत, हे एवढ्याशा आकाराच्या देवाने इतक्या सहजपणे सांगावे आणि त्यासाठी स्वतःचे अस्तित्व सोडून द्यावे, यापुढे मोठमोठ्या लढाया मला फिक्या वाटतात.

पार्श्वसंगीत अगदी मंद आहे. आवाज चढवून कोणी बोलत नाही. आपण लिहिलेले 'एक पाऊल आधी थांबणे' इथेही आहे, पण थोडे वेगळे : दुःख आधीच सांगून टाकले आहे, त्यामुळे धक्का नाही, फक्त वाट पाहणे आहे.


शाईचा डाग

दोघांचेही लेखन आवडले, पण कसोटी मान्य नाही. भाग एकटा उभा राहायला हवा असेल तर मग मालिका कशाला काढायची, लघुपटच काढावेत की. मालिकेजवळ अशी एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कोणत्याही चित्रमाध्यमाजवळ इतक्या प्रमाणात नाही, आणि ती म्हणजे प्रेक्षकाने दिलेला वेळ.

माझा भाग आहे 'वन पीस'चा ३१२ वा. लुफी आणि उसोप यांच्या चाचे टोळीने गोइंग मेरी या आपल्या जहाजाला दिलेला निरोप. ज्याने आधीचे भाग पाहिले नाहीत त्याला हा भाग दाखवला तर तो विचारील की एक लाकडी होडी जाळताना ही सगळी मंडळी एवढी का रडत आहेत, आणि त्याचा प्रश्न रास्तच असेल. पण ज्याने कायाने ते जहाज लुफीच्या स्वाधीन करताना पाहिले, त्यावरचे प्रत्येक डागडुजीचे ठिगळ पाहिले, स्कायपिया या आकाशातल्या बेटावर धुक्यातल्या रात्री हातोडा घेऊन जहाज दुरुस्त करणारी ती अनोळखी आकृती उसोपबरोबर पाहिली, त्याची गोष्ट निराळी आहे. त्या रात्री ती आकृती म्हणते की काळजी करू नका, मी तुम्हाला अजून थोडे अंतर नेईन. मग शंभराहून अधिक भागांनी, जळत असताना, मेरीचा आवाज येतो की मला तुम्हाला अजून थोडे पुढे न्यायचे होते. हे दुसरे वाक्य पहिल्या वाक्याचे उत्तर आहे, आणि ते ऐकू येण्यासाठी मधले भाग पाहावेच लागतात. वर बर्फ पडते आहे, लुफीने स्वतःच्या हाताने जहाजाला आग लावली आहे, आणि जहाज मात्र माफी मागते आहे. अर्धविराम, आपल्या मापाने हा भाग फार उशिरा थांबतो, सगळे सांगून टाकतो, सगळ्यांना धाय मोकलून रडवतो. तरीही तो माझ्या मनातून गेलेला नाही.

वेळेचा हिशेब तपासायचा असेल तर आपल्याकडे एक फार सोयीचे उदाहरण आहे, कारण तिथे एकच घटना दोनदा चित्रित झालेली आहे. हिरोमु आराकावा यांच्या 'फुलमेटल अल्केमिस्ट' या मांगावर (जपानी चित्रकथेवर) २००३ साली ५१ भागांची एक मालिका आली आणि २००९ साली 'ब्रदरहुड' ही ६४ भागांची दुसरी, दोन्ही बोन्स स्टुडिओच्याच. बाप आपली लहान मुलगी नीना आणि तिचा कुत्रा अलेक्झांडर यांना किमयेने जोडून एकच प्राणी बनवतो, ही घटना पहिलीत सातव्या भागात येते, दुसरीत चौथ्या. घटना तीच, अपराधी तोच, बाप शू टकर तोच. पण पहिल्या मालिकेत कथेचे नायक एल्रिक बंधू परीक्षेच्या अभ्यासासाठी टकरच्या घरी राहतात, नीनाबरोबर बर्फात खेळतात, ह्यूज या लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मूल जन्माला येते तेव्हा ती पोरगीही तिथे असते. म्हणजे सहावा भाग हा सातव्याची भरणी आहे, फक्त पाहताना ते कळत नाही. दुसऱ्या मालिकेत हे सगळे काही भेटींत आटोपते, कारण पुढे मूळ कथेचा मोठा पल्ला गाठायचा आहे. दोन्ही पाहणाऱ्यांपैकी ज्यांच्याशी माझे बोलणे झाले त्यातल्या बहुतेकांना जुनीतली नीना अधिक आठवते. चित्रण नवीनमधले सफाईदार आहे, यात शंका नाही. पण सफाईने नीना जवळची होत नाही.


अर्धविराम (धागाकर्ता)

शाईचा डाग, नीनाच्या बाबतीत आपले म्हणणे मान्य करावे लागेल. पण त्याच 'ब्रदरहुड'चा दहावा भाग घ्या. ह्यूजच्या दफनविधीत त्याची लहानगी एलिसिया विचारते की बाबांना जमिनीत का पुरत आहेत, त्यांना तर खूप कामे आहेत. तिचे रडणे आपल्याला उभे चिरते, पण माझ्या मनात राहिला तो त्यानंतरचा मिनिटभर. ह्यूजचा मित्र आणि लष्करी अधिकारी मस्टँग थडग्यापाशी उभा आहे आणि म्हणतो की पाऊस यायला लागला. त्याची सहायक हॉकआय आकाशाकडे पाहून सांगते की पाऊस नाही. मग तिला त्याच्या गालावरचा थेंब दिसतो आणि ती म्हणते की हो, आहे. पोरगी मोकळेपणी रडते आणि शिपाईगडी पावसाआड लपतो. यातली दुसरी गोष्ट जास्त टिकली, म्हणजे माझा मुद्दा अजून पुरता मेलेला नाही.


चौकट

इथवरची चर्चा कथानकाभोवतीच फिरते आहे. चित्राविषयी कोणीतरी बोलायला हवे, म्हणून मी बोलतो.

टीव्हीवरचा ॲनिमे हा काटकसरीतून जन्मलेला प्रकार आहे. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांचा 'तेत्सुवान आतोमु' ('ॲस्ट्रो बॉय') सुरू झाला तेव्हा दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग तयार करणे हेच अशक्यप्राय काम होते. सेकंदाला २४ चौकटी सरकतात, पण एकच चित्र तीन चौकटी धरून ठेवले की सेकंदाला आठच चित्रे पुरतात. हलणारा फक्त जबडा, बाकी चेहरा स्थिर. एकदा काढलेली धाव किंवा झेप साठवून ठेवायची आणि पुन्हा पुन्हा वापरायची. ही सगळी पैसे आणि वेळ वाचवायची युक्ती होती. पुढच्या दिग्दर्शकांनी तिचीच भाषा केली. ओसामु देझाकी यांनी सत्तरच्या दशकात भावनेच्या टोकाला हालचाल थांबवून त्या क्षणाचे रंगवलेले स्थिरचित्र दाखवायला सुरुवात केली, आणि ते चित्र हलणाऱ्या चित्रापेक्षा जास्त वेळ डोळ्यांपुढे राहू लागले.

या पार्श्वभूमीवर 'इव्हँजेलियन'चा चोविसावा भाग पाहा. मालिका १९९५–९६ ची, दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. शिंजी हा मुलगा चालवत असलेल्या एव्हा या महाकाय यंत्रमानवाच्या मुठीत त्याचा मित्र कावोरु आहे. मूठ आवळायची की नाही हे शिंजीला ठरवायचे आहे. बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीतला समूहस्वर चालू आहे आणि चित्र थांबते. किती वेळ? सुमारे एक मिनिट. एकाच स्थिर चित्राकडे पाहत एक मिनिट बसणे म्हणजे काय असते हे घड्याळ लावून करून पाहावे. पहिल्या दहा सेकंदांत वाटते की प्रक्षेपणात बिघाड झाला. मग वाटते की पैसे संपले म्हणून ही चलाखी चालली आहे. मग हळूहळू लक्षात येते की शिंजीलाही ही मूठ उघडता किंवा मिटता येत नाही, आणि आपणही तसेच अडकून बसलो आहोत. शेवट काय होतो ते दाखवतही नाहीत, फक्त ऐकवतात. काटकसर म्हणून हे केले असेल तर ती या माध्यमातली सर्वांत सार्थकी लागलेली काटकसर म्हणावी लागेल.

दुसरे उदाहरण 'हंटर एक्स हंटर'च्या २०११ सालच्या मॅडहाउस आवृत्तीतले आहे. १४८ भागांपैकी १३५ वा. मालिकेच्या त्या पर्वातला सर्वांत बलाढ्य, सर्वांत क्रूर प्राणी मेरुएम विषबाधेने मरणार आहे आणि उरलेला वेळ त्याला कोमुगी नावाच्या आंधळ्या मुलीबरोबर गुंगी हा पटावरचा खेळ खेळण्यात घालवायचा आहे. कोमुगीला दिसत नसल्यामुळे दोघे चाली तोंडाने सांगतात. त्याची दृष्टी जाऊ लागते तसा पडदा वारंवार काळा पडतो. काळोखात फक्त आवाज. 'कोमुगी, आहेस ना?' 'आहे.' थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. एवढ्या प्रचंड खर्चाने लढाया रंगवणाऱ्या मालिकेने आपल्या राजाला निरोप देताना चित्रच काढून घ्यावे, याला धाडस लागते. आणि ते तंत्राचे प्रदर्शन नाही. कोमुगीला सगळे जग आधीपासून असेच होते. त्या काळ्या पडद्यावर मेरुएम पहिल्यांदा तिच्या जगात येतो आणि आपणही त्याच्यामागोमाग येतो.

शाईचा डाग यांचा वेळेचा मुद्दा इथे लागू होतो, हे मान्य. १३४ भाग पाहिल्याशिवाय मेरुएमविषयी काही वाटणार नाही. पण वेळ सगळ्याच लांबलचक मालिका घेतात. त्या वेळेचे काय करायचे हे शेवटी स्टोरीबोर्ड (दृश्यांचा चित्रमय आराखडा) काढणारा आणि त्या भागाचा दिग्दर्शक ठरवतो. श्रेयनामावलीत त्या भागाचे दिग्दर्शन कोणाचे होते हे वाचायची सवय लावून घ्यावी, अशी माझी सगळ्यांना विनंती आहे. आवडलेल्या भागांची नावे एकत्र मांडली की तीच तीच माणसे पुन्हा भेटू लागतात.


तळटीप

मला आवडलेल्या भागाविषयी नव्हे, माझा छळ केलेल्या भागांविषयी लिहायचे आहे, कारण विसरता न येणे हीच अट असेल तर त्यांचा हक्क पहिला आहे.

'हारुही सुझुमिया'चा दुसरा हंगाम, २००९ चा उन्हाळा, 'एंडलेस एट'. १७ ते ३१ ऑगस्ट हे सुट्टीचे दोन आठवडे पुन्हा पुन्हा घडत राहतात, कारण सुट्टीत काहीतरी राहून गेले असे हारुहीला वाटते. ही कल्पना कोणत्याही मालिकेने एका भागात, फार तर दोन भागांत संपवली असती. क्योतो ॲनिमेशनने सलग आठ आठवडे तीच गोष्ट दाखवली. पोहण्याचा तलाव, किडे पकडणे, बेडकाचा पोशाख घालून केलेली नोकरी, तारे पाहणे, आणि शेवटी उपाहारगृहातून उठून जाणारी हारुही, जिला थांबवायचे असते आणि तिचा वर्गमित्र क्योन याला ते जमत नाही. मी हे सगळे भाग क्रमाने पाहिले. चौथ्या भागानंतर मी चिडलो, सहाव्यानंतर स्टुडिओला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती. आठही भाग स्वतंत्रपणे चित्रित केलेले आहेत. कपडे वेगळे, कोन वेगळे, संवादसुद्धा नव्याने मुद्रित केलेले. आळस म्हणून हे केले असते तर एकच भाग आठ वेळा दाखवता आला असता, त्याऐवजी त्यांनी आठपट कष्ट घेतले. आणि सगळ्या फेऱ्यांची आठवण त्यांच्या गटातल्या फक्त नागातोला आहे (ती माणूस नाही), तीही १५,५३२ फेऱ्यांची. दोन आठवड्यांच्या हिशेबाने ही सहाशे वर्षांच्या आसपासची सुट्टी झाली. आठ भाग सहन न झालेला मी आणि पुस्तक वाचत गप्प बसलेली ती. पुढे तिच्या वागण्याला जे वळण लागते, त्याचे कारण तिने किंवा दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही. कंटाळा मलाही पाठ झाला होता.

तरीही माझे मत असे की चार भाग पुरले असते. प्रयोग म्हणून आदर आहे, पुन्हा पाहण्याची तयारी नाही. गंमत म्हणजे सगळे कोडे सुटते ते राहून गेलेल्या गृहपाठावर.


काजवा

तळटीप, आपला प्रतिसाद वाचून हसू आवरले नाही. पण एक विचारावेसे वाटते. दर आठवड्याला एक भाग पाहणाऱ्याचे दोन महिने गेले, आणि आज कोणी सलग पाहिले तर तीन तासांहून थोडा जास्त वेळ जाईल. म्हणजे भाग तेच असले तरी अनुभव तोच राहत नाही. वाट पाहणे हासुद्धा त्या भागांचा एक घटक होता आणि तो आता कोणालाच मिळणार नाही.


मधली सुट्टी

सर्वांना एक प्रश्न. रडवणारा भाग आणि लक्षात राहणारा भाग यांची आपण गल्लत करतो आहोत का? 'व्हायोलेट एव्हरगार्डन'चा (२०१८) दहावा भाग अजून कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटते, म्हणून मीच काढते, आणि तक्रारीसह काढते.

मरणाच्या दारात असलेली आई, लहानगी ॲन, आणि आईची पत्रे लिहून द्यायला आलेली व्हायोलेट. आई आपला थोडा उरलेला वेळ आपल्याला न देता कोणा परक्याला पत्रे लिहिण्यात घालवते आहे याचा ॲनला राग येतो. शेवटी कळते की ती सगळी पत्रे ॲनसाठीच होती, पुढच्या ५० वर्षांत दर वाढदिवसाला एक. मग मोठी होत गेलेली ॲन, तरुण ॲन, स्वतः आई झालेली ॲन, आणि हातात दरवेळी नवे पत्र. या क्रमाने माझे डोळे भरून आले, सगळ्यांचेच येतात. पण ते भरून यावेत म्हणून प्रत्येक गोष्ट, सूर्यप्रकाश, व्हायोलिन, पानगळ, इतकी काटेकोर मांडलेली आहे की डोळे पुसल्यावर मला थोडे फसवल्यासारखे वाटले.

दुसऱ्यांदा पाहताना मात्र मला आवडले ते वेगळेच. ॲन व्हायोलेटला खरीखुरी मोठी बाहुली समजते. व्हायोलेटचे हात धातूचे आहेत, चेहऱ्यावर भाव नसतात, त्यामुळे समजूत अगदीच चुकीची नाही. ती बाहुली ॲनबरोबर खेळते, कोडी सोडवते, रडणाऱ्या ॲनला कवेत घेते, आणि स्वतः एक टिपूस गाळत नाही. कामावरून परतल्यावर, सहकाऱ्यांसमोर, ती ओक्साबोक्शी रडते आणि सांगते की तिथे असताना मी सारा वेळ रडू आवरून धरले होते. वाढदिवसांच्या पत्रांपेक्षा हे आवरून धरणे माझ्याजवळ राहिले. पहिल्यांदा पाहताना ते माझ्या नजरेतून सुटले होते, कारण तेव्हा मी स्वतःच रडत होते.


चौकट

मधली सुट्टी, आपली तक्रार योग्य आहे आणि तिचे उत्तरही आपणच दिले आहे. मी फक्त एका अगदी वेगळ्या जातीच्या भागाची भर घालतो, जो रडवत नाही आणि ज्यात कोणी मरत नाही.

'ओजामाजो दोरेमी दोक्कान' या लहान मुलींसाठीच्या जादूच्या मालिकेचा चाळिसावा भाग, २००२ साल, दिग्दर्शन मामोरु होसोदा. पुढे चित्रपटांमुळे जगभर नाव झालेला हा माणूस तेव्हा तोएई स्टुडिओत नेमून दिलेले भाग करत होता. या भागात दोरेमी एकटीच आहे. मैत्रिणींना पुढे काय करायचे ते उमगले आहे, हिला नाही. शाळेतून घरी जाताना रस्त्याला फाटा फुटतो, आणि रोजच्यापेक्षा वेगळ्या वाटेने गेल्यावर तिला काच तयार करणारी मिराई भेटते. मिराई ही चेटकीण आहे, पण जादू सोडून दिलेली. काच थांबलेली दिसते, पण ती फार सावकाश सरकत असते, असे ती सांगते. विज्ञानाच्या कसोटीवर ही समजूत टिकत नाही, तरी तिच्या तोंडी ती शोभते, कारण शेकडो वर्षे जगणाऱ्या बाईला ते सरकणे दिसत असणार.

ती दोरेमीला आपल्याबरोबर परदेशी चलण्याविषयी विचारते. दोरेमी विचार करत राहते. ती पुन्हा त्या घरी जाते तेव्हा मिराई निघून गेलेली असते. एवढेच. तो फाटा संपूर्ण भागात पुन्हा पुन्हा येतो, त्याच कोनातून, वेगवेगळ्या उजेडात, आणि त्याखेरीज त्या भागात 'निर्णय' असा शब्दही कोणाला उच्चारावा लागत नाही. मुख्य कथेशी या भागाचा काही संबंध नाही. मालिकेतून तो काढून टाकला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. ज्यांना फिलर (मुख्य कथेबाहेरचे भरीचे भाग) म्हणून आपण पुढे ढकलतो त्यात असेही काही असू शकते, एवढे ध्यानात ठेवावे.


शाईचा डाग

चौकट, हा भाग काल रात्री पाहिला. मालिकेतले दुसरे काहीही पाहिलेले नव्हते, तरी कळला. म्हणजे माझ्या म्हणण्याविरुद्धचा पुरावा मीच इथे नोंदवतो आहे. पण एक शंका उरते : दोरेमीच्या मैत्रिणींना आधीची तीन-साडेतीन वर्षे पाहिलेल्या मुलीला तो एकटेपणा माझ्यापेक्षा जास्त लागला असणार. मला तो कळला, तिला तो लागला असेल.


अर्धविराम (धागाकर्ता)

'कळला' आणि 'लागला' हा फरक वाचल्यावर मी काल 'बीबॉप' पुन्हा काढली आणि माझीच अडचण झाली. अठरावा भाग एकटा उभा राहतो असे मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते. चोविसाव्या भागात फे तीच टेप पुन्हा पाहत बसलेली आहे, हे मी साफ विसरलो होतो.

टेपमध्ये तोंडातून पाणी सोडणाऱ्या सिंहाचे कारंजे दिसते, ते जहाजावरच्या एड या लहान मुलीला ओळखीचे वाटते आणि त्या धाग्यावरून फे आपल्या घरापर्यंत पोहोचते. तिथे घर उरलेले नाही. चौथऱ्याचे दगड आणि माती एवढेच आहे. तिला आता सगळे आठवते आहे. ती एक काठी घेते, जमिनीवर पलंगाच्या मापाचा चौकोन ओढते आणि त्यात आडवी होते. अठराव्या भागातल्या 'मला आठवत नाही' या वाक्याचे उत्तर सहा भागांनी येते, आणि ते न आठवण्यापेक्षा वाईट आहे. हे दृश्य अठरावा भाग न पाहिलेल्याला कळेल. लागणार नाही. शाईचा डाग, या एका ठिकाणी मी माघार घेतो.

त्याच भागाच्या शेवटी एड आणि जहाजावरचा कुत्राही निघून जातात. जेटने सगळ्यांसाठी अंडी उकडून ठेवलेली आहेत. तो आणि स्पाइक समोरासमोर बसतात, एकमेकांकडे न पाहता अंड्यांमागून अंडी तोंडात कोंबतात, आपल्या वाटची संपल्यावर गेलेल्यांच्या वाटचीही ओढून घेतात, आणि मागे गाणे चालू असल्यामुळे चावण्याचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही.